शेजारच्याचा हात

बोअरची मोटार जळाली की कडा गावात 'रिवाइंडिंगला दिली' असं सहसा कुणी म्हणत नाही; 'भरायला टाकली' म्हणतात. भरायची ती तांब्याची तार. आधी जळालेली तार ओढून काढायची. काढण्यापूर्वी प्रत्येक कॉइलचे आटे मोजून वहीत लिहायचे, तारेचं गेज बघायचं, मग खाचा साफ करून त्यांत तितकेच आटे नव्याने घालायचे. आटे कमी पडले तर मोटार तापते आणि पुन्हा जळते. एखाद्या कॉइलचं सुरुवातीचं टोक आणि शेवटचं टोक उलटं जोडलं गेलं तर ती नुसती हुंकारत बसते, उचलत नाही. हे सगळं आता फोनवर शिकता येतं. शिकवणारेही चांगले असतात. कॅमेरा त्यांच्या बोटांच्या इतका जवळ नेलेला असतो की कुठल्याही दुकानातल्या उस्तादानं नवख्या पोराला एवढं जवळ येऊ दिलं नसतं.

तरी पहिल्या मोटारीचं टोक उलटं लागायचं ते लागतंच. त्यात नवल नाही, दुकानात शिकणाऱ्याचंही लागतं. फरक त्याच्या पुढे आहे. दुकानात टोक उलटं लागतं तेव्हा शेजारी बसलेला दुसरा पोरगा बघत असतो. उस्ताद एकाला शिव्या घालतो, पण टोकं तपासायची सवय दोघांना लागते. फोनवर शिकणाऱ्याची चूक त्याच्या एकट्याच्या घरात होते. ती कुणी पाहत नाही आणि दुसऱ्याची चूक त्यालाही दिसत नाही.

पुढच्या पानांचा विषय हा शेजारचा पोरगा आहे. ऑनलाइन व्यवसायशिक्षणाबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते रेंजबद्दल, डेटा पॅकबद्दल, सर्टिफिकेटला नोकरीत किंमत आहे की नाही याबद्दल. फार तर शिकवणाऱ्याबद्दल. सोबत शिकणारे एकमेकांचे कोण लागतात, हा प्रश्न क्वचित निघतो, आणि निघालाच तर ती एक गोड पुरवणी असल्यासारखा निघतो: मैत्री झाली तर बरं, नाही झाली तर अभ्यासक्रम पुरा होतोच. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. पुस्तकी विषयात सोबती ही सोय असते. हाताच्या कामात तो निम्मा अभ्यासक्रम असतो.

कड्याचं उदाहरण घ्यायला कारण आहे. आष्टी तालुक्यातलं, नगर-बीड रस्त्यावरचं हे बाजाराचं गाव. नावाचा उगम काही असो, ते वसलंय खरोखरच कडेला. जिल्हा बीड, पण जवळचं शहर नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. एकेकाळी अलीकडे निजामाचा मुलूख होता आणि पलीकडे इंग्रजांचा. आजही कागदपत्रांसाठी तोंड बीडकडे आणि दवाखाना, खरेदी, एमआयडीसीतली नोकरी यांसाठी नगरकडे. गावात बाजार समिती आहे, अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाचं महाविद्यालय आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली तेव्हा कडा हे त्या मार्गावरचं एक स्टेशन झालं. १७ सप्टेंबर २०२५ पासून ही रेल्वे बीडपर्यंत जाऊ लागली. कित्येक पिढ्या वाट पाहिलेली रेल्वे. पण रेल्वेच्या आधी इथे मोबाईलचा टॉवर पोचला होता आणि त्यावरून शिकवणी.

जिल्ह्याची दुसरी ओळख सांगायलाच हवी. दिवाळीच्या आगेमागे बीडमधली हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. कामाचा सर्वांत लहान हिशेबच जोडीचा. या हिशेबाचं कौतुक करण्यासारखं काही नाही, त्यात बाईची मजुरी वेगळी दिसतच नाही. पण ज्या मुलखात कामाचा हिशेब असा दोघांचा, तिथे ऑनलाइन अभ्यासक्रम येतो तो एकट्याच्या लॉगिनवर. एक नंबर, एक ओटीपी, एक हजेरी, एक सर्टिफिकेट. प्रत्यक्षात त्या एका फोनच्या पडद्यावर तिघं वाकलेली असतात: ज्याचं नाव नोंदवलंय तो, त्याचा धाकटा भाऊ आणि पलीकडच्या गल्लीतला एक मित्र. यंत्रणेच्या लेखी शिकणारा एकच. उरलेले दोघे कुठल्याच आकड्यात येत नाहीत, आणि शिकणं टिकलं असेल तर बहुधा त्यांच्यामुळेच टिकलेलं असतं.

अंतरावरून व्यवसाय शिकवण्याची गोष्ट जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८४० साली एक पेनीचं टपाल सुरू झालं आणि आयझॅक पिटमन यांनी त्याचा फायदा घेत पोस्टातून लघुलेखन शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थ्यानं उतारा लघुलिपीत लिहून पाठवायचा, पिटमननी तपासून परत धाडायचा. दूरशिक्षणाच्या बहुतेक इतिहासांची सुरुवात इथून होते, आणि माझ्या मते घोटाळ्याचीही. कारण त्या व्यवस्थेत रेघ फक्त गुरूपासून शिष्यापर्यंत जाते. शंभर शिष्य असले तर शंभर रेघा, पण एका शिष्यापासून दुसऱ्यापर्यंत एकही नाही. आजचे बहुतेक ॲप हे वेगवान पिटमनच आहेत.

टपालाची दुसरी परंपरा आपल्या घरची आहे, आणि ती सांगायचं आपण विसरतो. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. १९६०च्या दशकात त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. शेतकऱ्यानं आपल्याच रानात लहानसा प्रयोग करायचा, निरीक्षण नोंदवायचं आणि दुसऱ्या प्रयोग करणाऱ्याला कळवायचं. तासगाव भागातले द्राक्षबागायतदार या जाळ्यात होते. छाटणी, डोळे फुटणं, घड, पाणी यांविषयी एका बागेचा अनुभव दुसऱ्या बागेपर्यंत जायचा. यातले अनेक जण फार शिकलेले नव्हते. इथे रेघ शेतकऱ्यापासून शेतकऱ्याकडे जाते आणि प्राध्यापक मध्ये बसून गाठी मारतो. फसलेला प्रयोगही कळवण्याजोगा मानला जातो, ही यातली सर्वांत मोठी गोष्ट. तंत्र तेच, टपालाचं; नातं पूर्ण वेगळं. इंटरनेटच्या कितीतरी आधी मराठी मुलखात हे घडून गेलं होतं, आणि ऑनलाइन अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी नमुना मात्र पिटमनचा उचलला.

१९८९ हे साल दोन कारणांनी लक्षात ठेवावं. त्या वर्षी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. राम ताकवले पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद, आणि शेती, तंत्रज्ञान यांसारखे कामाशी जोडलेले अभ्यासक्रम त्यात सुरुवातीपासून होते. त्याच वर्षी अमेरिकेत मायकेल मूर यांनी एका संपादकीयात दूरशिक्षणातल्या संवादाचे तीन प्रकार मांडले: शिकणारा आणि मजकूर, शिकणारा आणि शिक्षक, शिकणारा आणि शिकणारा. आज हे वाचून 'यात काय मोठं?' असं वाटतं. पण तिसऱ्या प्रकाराला पहिल्या दोघांच्या पंगतीत बसवणं ही त्या वेळी नवी गोष्ट होती. पुढे २००३ साली टेरी अँडरसन यांनी असं म्हटलं की तिन्हींपैकी एक संवाद भक्कम असला तर बाकीचे दोन जवळजवळ नसले तरी शिकणं खोल होऊ शकतं. खर्चाचा विचार करणाऱ्या संस्थांना हे वाक्य फारच आवडणारं. हिशेब-बिशेब, संगणकाची भाषा, कायदा यांच्या बाबतीत ते खरंही असेल. मोटार भरण्याच्या, ब्लाऊज बेतण्याच्या, वेल्डिंगच्या बाबतीत मला ते पटत नाही.

मुक्त विद्यापीठाला हे कळलेलं होतं असं त्याच्या शब्दांवरूनच दिसतं. अभ्यासकेंद्र, संपर्क सत्र, समंत्रक. 'प्राध्यापक' न म्हणता 'समंत्रक' म्हणण्यात शिकवण्यापेक्षा सल्ला देण्याची भूमिका होती. कागदावर संपर्क सत्र हे समंत्रकाला भेटण्यासाठी असतं. पण रविवारी लांबून येणारा पोलीस शिपाई, अंगणवाडीताई, किराणा दुकानदार एकमेकांना भेटतात ते व्हरांड्यात. वह्या तिथे बदलतात. 'पेपर कसा असतो' हे तिथे कळतं. बाकी काय काय कळतं ते न लिहिलेलं बरं.

मग २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ आलं आणि एमएससीआयटी गावोगाव पोचली. लग्नाच्या बायोडेटात आणि नोकरीच्या अर्जात 'एमएससीआयटी झाली आहे' हे वाक्य तेव्हापासून कायमचं मुक्कामाला आलं. शिकवणं बरंचसं संगणकच करायचा, पण ते व्हायचं केंद्रात, ओळीनं मांडलेल्या संगणकांसमोर. तालुक्याच्या गावातल्या मुलींना घराबाहेर ठरलेल्या वेळी एका खोलीत बसण्याचं ते एक निर्मळ निमित्त होतं. माउस धरता न येणारी बाई शेजारच्या मुलीचा हात बघायची, मास्तरांना विचारायची वेळच यायची नाही. धडे फोनवर आले आणि खोली गेली, तेव्हा वाचलेलं भाडं हिशेबात धरलं गेलं. शेजारचा हात धरला गेला नाही.

मी स्वतः तालुक्याच्या गावी टायपिंग शिकलो, ते लोखंडी मशीनवर. शेजारच्या मशीनचा ठेका कानावर पडायचा. तो वेगात असला की आपली बोटं आपोआप त्याच्यामागे धावायची, आणि तो अडखळला की आपणही. परीक्षेपूर्वीच्या महिन्यात मला मास्तरांनी काय सांगितलं ते आठवत नाही. डावीकडच्या मशीनवर बसणाऱ्याचा ठेका अजून आठवतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नव्हतं.

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांचं 'सिच्युएटेड लर्निंग' हे छोटेखानी पुस्तक १९९१ साली आलं. त्यात लायबेरियातले शिंपी आहेत. तिथला उमेदवार शिवण शिकतो ती उलट क्रमानं: आधी बटणं, काजं, दुमड, मग शिलाई, सगळ्यात शेवटी कापड बेतणं. म्हणजे कात्री हातात येईपर्यंत त्यानं इतरांचे शेकडो कपडे हाताळलेले असतात. त्याच पुस्तकात अमेरिकेतल्या सुपरमार्केटांतले खाटीककामाचे उमेदवार आहेत. त्यांना मांस गुंडाळायच्या यंत्रापाशी उभं केलं जायचं, आणि कसलेले कारागीर मांस कापत ते दुसऱ्या खोलीत. उमेदवार मन लावून गुंडाळत राहायचे आणि कापायचं काम त्यांच्या नजरेलाच पडायचं नाही. मधली भिंत हाच तिथल्या शिक्षणाचा दोष होता. ऑनलाइन वर्गाला मी नावं ठेवतो तेव्हा मला ही भिंत दिसते. उस्ताद आणि शिष्य यांच्यामधली नव्हे, ती तर फोननं पाडली. शिष्य आणि शिष्य यांच्यामधली.

यावर उत्तर म्हणून प्रत्येक अभ्यासक्रमाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो. त्याची कहाणी सगळीकडे सारखी. पहिल्या आठवड्यात नमस्कार, दुसऱ्यात सुविचार आणि गुड मॉर्निंगची फुलं, तिसऱ्यात कुणाच्या तरी भाऊंच्या वाढदिवसाचं बॅनर. मग सर वैतागून 'ओन्ली ॲडमिन' करतात, आणि ग्रुप नोटीसबोर्ड होतो. शिष्यांमधला संवाद बंद पाडून शिस्त आणलेली असते. सरांचाही इलाज नसतो. तीनशे जणांत फुलं कोणती आणि प्रश्न कोणता हे निवडत बसायला त्यांना कुणी पगार देत नाही.

ग्रुप उघडा राहिला तरी त्यात काय चालतं ते पाहण्यासारखं आहे. शिवणाच्या ग्रुपवर एखादी आपल्या ब्लाऊजचा फोटो टाकते. खाली अंगठे, फुलं, 'छान ताई', 'मस्त फिनिशिंग'. तोच ब्लाऊज शिवणक्लासात असता तर शेजारची म्हणाली असती, "मुंढा ओढतोय गं, अर्धा इंच कमी घेतलास का?" बोललेलं वाक्य हवेत विरतं, म्हणून ते खरं बोलता येतं. लिहिलेलं तीनशे जणांपुढे टिकून राहतं, म्हणून तिथे माणसं गोड लिहितात. शिवाय फोटो टाकला जातो तो जमलेल्या ब्लाऊजचा. फसलेलं कापड कपाटाच्या तळाशी जातं, सासूच्या नजरेलाही पडू नये असं. म्हणजे ग्रुपवर नाव आहे सोबतीचं, आणि नेमकी जी गोष्ट सोबतीतून मिळायची, दुसऱ्याची चूक, तीच तिथे येत नाही.

बायकांच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. ग्रुपमध्ये नंबर दिसतो, आणि नंबर दिसला की नको ते मेसेज येऊ शकतात. म्हणून नोंदणी भावाच्या किंवा नवऱ्याच्या नंबरवर होते. मग 'ताई, तुमचं कटिंग पुन्हा पाठवा' हा निरोप आधी भाऊ वाचतो आणि संध्याकाळी आठवलं तर सांगतो. सोबतिणीशी बोलायचं तर मध्ये एक पुरुष माणूस. वयाचंही तसंच. ऑनलाइन तुकडीत एकोणीस वर्षांचा पोरगा आणि चाळिशीतला गडी एकत्र असतात. ज्याला 'काका' म्हणायचं त्यानं सगळ्यांदेखत पोराला शंका विचारणं अवघड. तो नंतर एकट्यात फोन करतो. आडनावही पडद्यावर नावाशेजारी लिहिलेलंच असतं, आणि आपल्याकडे आडनाव पुष्कळ काही सांगतं. अंतरामुळे हे सगळं पुसलं जातं असं म्हणणारे भाबडे आहेत.

पण एक गोष्ट अंतरामुळेच साधते, आणि तिनं मला माझं मत थोडं बदलायला लावलं. एका गावात एकच धंदा शिकणारी दोन मुलं उद्याची प्रतिस्पर्धी असतात. गिऱ्हाईक तेच, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरचं. म्हणून दुकानात शिकलेला पोरगा हातचं राखून सांगतो. त्याच्या उस्तादानंही राखूनच सांगितलेलं असतं. तार कुठून स्वस्त मिळते, कुठल्या कंपनीच्या मोटारीत काय ठरलेलं बिघडतं, गिऱ्हाइकाला किती सांगायचं आणि किती घ्यायचं, या गोष्टी शेजारी शेजाऱ्याला सांगत नाही. गोंदियातल्या मोटारवाल्याला मात्र कड्यातल्या मोटारवाल्यापासून काय लपवायचंय? दोघांची गिऱ्हाइकं या जन्मात एकमेकांना भेटायची नाहीत. त्यामुळे ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही असे दोघे भाव, उधारी आणि फजिती यांवर सख्ख्या भावांसारखे बोलू शकतात. तासगावच्या बागायतदारानं छाटणीचं गुपित परगावी कळवण्यात निव्वळ मनाचा मोठेपणा होता की थोडं हेही होतं, कोण जाणे. मला दोन्ही असावं असं वाटतं.

तेव्हा जवळचा सोबती आणि लांबचा सोबती हे वेगळ्या कामाचे आहेत. जवळचा हात दाखवतो, लांबचा गुपित सांगतो. आज बहुतेक अभ्यासक्रम लांबच्यांना एका ग्रुपमध्ये कोंबून त्यांच्याकडून जवळच्याचं काम मागतात. एकाच तालुक्यातल्या दोघातिघांची नावं एकमेकांना कळवून, आठवड्यातून एकदा एकाच्या घरी बसा असं सांगायला काही खर्च येत नाही. मार्च २०२० नंतर आयटीआय बंद होत्या तेव्हा शिल्प निदेशकांनी फोनवरून थिअरी रेटली, पण प्रात्यक्षिक अडलं ते अडलंच. फिटरला फाईल मारायला व्हाइस लागतो, आणि व्हाइस कुणाच्या घरी नसतो. तालुक्यात कुणातरी एकाच्या वर्कशॉपमध्ये मात्र असतो. पाबळचा विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केला तो मुलांना एकत्र ठेवून, हातानं कामं करत शिकवण्यासाठीच. ते प्रत्येक गावाला जमणार नाही. आठवड्यातून एका संध्याकाळचं पाबळ जमू शकेल.

ऊसतोडीला गेलेल्यांचं काय, हा प्रश्न या सगळ्यात तसाच राहतो. कार्तिकात सुरू केलेला अभ्यासक्रम फडावर सोबत जातो खरा, पण जोडीदार गावी राहतो किंवा वेगळ्या टोळीत जातो. पहाटे फडात, रात्री उशिरा कोपीवर. फोन चार्ज करायलाही ट्रॅक्टर यावा लागतो. अशा मुलासाठी तुकडी चैत्रात सुरू व्हायला हवी. त्याला लांबून काय शिकवायचं यापेक्षा तो परत आला की कुणाशेजारी बसवायचं हे आधी ठरायला हवं. पुढच्या पानांत यावर जितकं हवं तितकं आलेलं नाही, हे मी आधीच कबूल करतो.

पुढचं वाचताना एक दृश्य डोळ्यांपुढे ठेवावं. मोटार भरणारे दोघं असले की एक जण आटे घालतो आणि दुसरा मोठ्यानं मोजतो. एकटा असला की मोजणीही त्यानंच करायची आणि घालायचंही त्यानंच. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, आणि तेवढ्यात फोन वाजतो. उचलावा तर आकडा जातो. न उचलावा तर पुढची कॉइल कशी बसवायची ते दाखवणारा व्हिडिओ त्याच फोनवर उघडलेला असतो.